नव्या व्हिडिओ खेळांचे गुणदोष : पारख कशी करावी?

मद्य व जुगार यांविषयी लोकांनी प्रश्न विचारला, तेव्हा पवित्र कुरआनने दिलेले उत्तर (सूरह अल-बकरा, आयत 219) मननीय आहे. त्यांत लोकांसाठी काही लाभ आहेत हे तेथे मान्य केले आहे. परंतु त्यांतील पाप लाभाहून मोठे आहे, असा निवाडा दिला आहे. ज्या गोष्टी पुढे पूर्णपणे निषिद्ध ठरल्या, त्यांचे लाभसुद्धा न्यायाने मांडले गेले. आधी दोन्ही पारडी भरावीत, मगच निर्णय द्यावा, ही परीक्षणाची रीत येथून शिकता येते. मुलांच्या मोबाइलमध्ये सतत नवा खेळ येत असताना पालकांना हाच तराजू उपयोगी आहे.

खेळ मुळात त्याज्य नाही. हजरत आयशा (र.) यांच्या बाहुल्यांत कापडी पंखांचा एक घोडा होता. घोड्याला पंख कसे, असे प्रेषितांनी (स.) विचारले, तेव्हा हजरत सुलैमान (अ.) यांच्या घोड्यांना पंख होते ना, असे त्या म्हणाल्या आणि प्रेषित (स.) मनमोकळे हसले, असे हदीसमध्ये आले आहे. मुलांची कल्पनाशक्ती निंद्य नव्हे. ‘माइनक्राफ्ट’सारख्या खेळात ठोकळे रचून घरे, पूल, गावे उभारताना नियोजन, चिकाटी व सहकार्य यांचा सराव होतो. हा गुण गुणाच्या पारड्यात घातलाच पाहिजे. दुसऱ्या पारड्यासाठी चार प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न श्रद्धेचा. जून 2020 मध्ये ‘पबजी मोबाइल’च्या एका नव्या आवृत्तीत मूर्तिस्तंभासमोर झुकल्यास खेळाडूच्या पात्राला बळ मिळे. आखाती देशांतील मुस्लिमांनी आक्षेप घेतल्यावर निर्मात्यांनी क्षमा मागून तो भाग काढून टाकला. आधी तपासलेल्या खेळातच ही गोष्ट नंतर आली होती. म्हणून प्रत्येक मोठ्या बदलानंतर पारख पुन्हा करावी. खेळाखाली छापलेला 12+ किंवा 16+ हा आकडा हिंसा, अश्लीलता यांचा अंदाज देतो. तौहीदची काळजी आपल्यालाच घ्यावी लागते.

दुसरा प्रश्न पैशाचा. पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये कायद्याने बंदी आणली. तथापि अनेक खेळांत पैसे देऊन बंद पेटी घेता येते आणि आत काय निघेल हे नशिबावर असते. अशा पेट्यांना बेल्जियमने 2018 मध्ये जुगार ठरवले. ठरलेल्या किमतीत ठरलेली वस्तू घेणे हा व्यवहार आहे. तो अपव्यय ठरू शकतो, एवढेच. मात्र अज्ञात वस्तूसाठी पैसे देण्यात ‘गरर’ आहे, आणि त्यात जुगाराचा गंध आहे. मुलाला हा फरक समजावून सांगावा.

तिसरा प्रश्न वेळेचा. शंभर खेळाडूंची लढाई साधारण अर्धा तास चालते आणि ती मध्येच थांबवता येत नाही. अजान झाल्यावर ‘बंद कर’ म्हटले, तर मुलगा नमाज आणि सोबती यांच्या कात्रीत सापडतो. म्हणून नमाजला अर्धा तास उरला असता नवा डाव सुरूच करू नये, असा नियम आधी ठरवावा. ‘बीजीएमआय’ने 18 वर्षांखालील मुलांसाठी दिवसाला 3 तासांची मर्यादा ठेवली आहे. परंतु 3 तास म्हणजे शाळेनंतरची संपूर्ण संध्याकाळ! आपल्या घराची मर्यादा आपणच ठरवावी.

चौथा प्रश्न संगतीचा. कानाला लावलेल्या यंत्रातून अनोळखी माणसे मुलाशी काय बोलतात? मद्य व जुगार यांमुळे आपसांत वैर वाढते आणि माणूस अल्लाहच्या स्मरणापासून व नमाजपासून दुरावतो, असा इशारा सूरह अल-माइदाच्या आयत 91 मध्ये आहे. मुलाची भाषा शिवराळ झाली, भावंडांशी तंटे वाढले, नमाज सुटू लागली, तर तीच लक्षणे ओळखावीत.

ही पारख दुरून होत नाही. अर्धा तास मुलाशेजारी बसावे आणि खेळाचे गुण आधी त्यालाच सांगू द्यावेत. न पाहता दिलेला नकार मुलाला लपवायला शिकवतो, आणि न पाहता दिलेला होकार त्याला एकटे सोडतो. दोन्ही पारडी त्याच्यासमोर तोलली, तर निवाडा कठोर असला तरी अन्यायाचा वाटत नाही.

शेवटी एक गोष्ट. आमच्या कोन-पनवेल परिसरात इमारती उंचावत गेल्या आणि मोकळ्या जागा आकसल्या. मुलाच्या हातातून मोबाइल काढून घेताना त्या हातात आपण काय देणार? चेंडू, पुस्तक, की असरनंतर वडिलांबरोबर चालण्याची संध्याकाळ? प्रत्येक जबाबदार व्यक्तीला तिच्या देखरेखीखालील माणसांविषयी जाब विचारला जाईल, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. अल्लाह आपल्याला न्यायाने तोलण्याची आणि मुलांना वेळ देण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.