घरी पोचण्याआधीची पंधरा मिनिटं

अगं, "काही विशेष झालेलं नाही ताई, पण सगळ्याचा कंटाळा आलाय," असं तू म्हणालीस ना, तेव्हाच ठरवलं की तुझ्याशी एकदा सावकाश बोलायचं. फोनवर तू नेहमी घाईत असतेस. फोन खांद्यात धरलेला आणि दुसरीकडे कुकरच्या शिट्ट्यांवर लक्ष. म्हणून लिहूनच देते. गाडीत बसायला मिळालं की वाच.

पहिलं म्हणजे स्वतःला बोल लावणं थांबव. 'बाकीच्या करतातच ना सगळं, मग मलाच का झेपत नाही?' असं तू दर वेळी म्हणतेस आणि मला ते ऐकवत नाही. डोंबिवली ते सीएसएमटी हे अंतर अठ्ठेचाळीस किलोमीटरच्या आसपास आहे, कल्याणच्या बायकांना तर त्याहून जास्त. सकाळची फास्ट डोंबिवलीला येते तेव्हा दारात पाऊल टेकवायला जागा नसते. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन गाड्या शेजारून जात असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले, काहींचा जीव गेला. त्याच वळणावरून तू रोज जातेस. जीव मुठीत धरून चढावं लागतं तिथे छाती धडधडणार, खांदे कानांपर्यंत चढणार, दात आवळले जाणार. धोका दिसला की शरीर असंच वागतं आणि त्याने तसंच वागायला हवं.

अडचण त्याच्या पुढची आहे. ऑफिसात पोचलीस तरी ते चढलेलं उतरत नाही. साहेबांचा मेसेज आला की आणखी चढतं. संध्याकाळी पुन्हा तीच गर्दी, तोच रेटा. उतरलीस की स्कायवॉकवरून जवळजवळ पळतच खाली, वाटेत कोथिंबीर आणि ब्रेड घ्यायचा, शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहायचं, आणि दारात चपला काढल्या की थेट ओट्यापाशी. हात धुतेस तेवढाच काय तो विसावा. सकाळी चढलेला ताण रात्री अकरापर्यंत कुठे उतरवायचा, याला तुझ्या दिवसात जागाच नाही. मग मुलाने कंपासपेटी हरवली एवढ्यावरून तू त्याच्यावर किंचाळतेस आणि नंतर बाथरूममध्ये जाऊन रडतेस. ती किंचाळी कंपासपेटीसाठी नसते, हे तुलाही कळतं.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे, ऑफिस आणि ओटा यांच्यामध्ये पंधरा मिनिटं ठेव. रोज. 'सगळं आवरलं की निवांत बसेन' असं म्हणत राहिलीस तर बसणं व्हायचंच नाही, कारण घरातलं काम आवरतच नाही. ओटा पुसून झाला तरी उद्याच्या डब्यासाठी मटकी भिजत घालायची असते. ही पंधरा मिनिटं काम उरलेलं असतानाच घ्यायची.

कुठे घ्यायची, हे तू विचारशीलच. डोंबिवली पूर्वेला उतरतेस, फडके रोडने सरळ गेलीस की टोकाला गणेश मंदिर आहे. आत जाऊन एका कडेला टेक. देवाकडे काही मागायलाच हवं असं नाही, नुसती बस. दिवाळी पहाटेला सगळी तरुण पोरं त्याच रस्त्यावर नटूनथटून येतात, तूही कॉलेजात असताना यायचीस. एरवी आपण त्या रस्त्याकडे फक्त भाजीची पिशवी घेऊन बघतो. पश्चिमेला राहणाऱ्यांना भागशाळा मैदान आहे. कल्याणला काळा तलाव आहे, संध्याकाळी तिथे फेऱ्या मारणाऱ्या बायका भरपूर दिसतात, त्यामुळे एकटीला अवघडल्यासारखं होत नाही. आमच्या ठाण्याचं तर विचारूच नकोस, तलावांचं शहर म्हणतात ते उगाच नाही. स्टेशनातून चालत तलावपाळीला यायला फार वेळ लागत नाही, समोर कौपिनेश्वराचं देऊळ. महापालिकेजवळचा कचराळी तलाव मला जास्त आवडतो, कारण तिथे खाण्याच्या गाड्यांची गडबड कमी आणि चालणाऱ्यांची वर्दळ जास्त. पाण्याकडे बघत चाललं की डोक्यातल्या याद्या हळूहळू मागे पडतात. आणि यातलं काहीच जमलं नाही, पाऊस असला, तर गाडीतून उतरल्यावर प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बस आणि लोंढा पुढे जाऊ दे. जिन्यावरची ती चेंगराचेंगरी टळली तरी अर्धं काम झालं.

बसलीस की मोबाईल पर्समध्ये ठेव. मग श्वासाकडे वळ. नाकाने चार आकडे मोजेपर्यंत आत घे आणि सहा-सात मोजेपर्यंत सावकाश बाहेर सोड. बाहेर सोडणं लांब हवं, गोम त्यातच आहे. उच्छ्वास लांबला की हृदयाचे ठोके संथ होतात आणि शरीराला 'आता धोका नाही' अशी खबर पोचते. सात-आठ वेळा केलंस तरी फरक जाणवतो. हे शिकायला कुठल्या क्लासचे पैसे भरायला नकोत.

घरी काय सांगू, हा तुझा खरा प्रश्न आहे, मला माहीत आहे. खरंच सांग. 'गाडी लेट होती' असं खोटं सांगून ही मिनिटं चोरू नकोस, कारण चोरलेल्या वेळात मन निवत नाही, घड्याळाकडेच लागतं. गाडी खरंच लेट झाली की घरातले सगळे समजून घेतात ना? सासूबाई कुकर लावतात, तुझा नवरा दूध आणतो. रेल्वेमुळे झालेला उशीर चालतो, तर तुझ्यासाठी झालेलाही चालेल. जेवायला बसलात की शांतपणे सांगून टाक, "मी रोज साडेसातला येईन, सव्वासातला नाही. मधला वेळ माझा आहे, त्याने मी चांगली राहते." पहिला आठवडा कुरकुर होईल, होऊ दे. मुलाला तर तू पंधरा मिनिटं उशिरा पण हसत आलेलीच हवी असतेस.

आता गाडीतलं. तिथला वेळ मोठा आहे, तो वाया घालवू नकोस असं सगळे सांगतात. मी जरा उलटं सांगते. लेडीज डब्यात बायका मटार सोलतात, मेथी निवडतात, त्याचे फोटो पेपरात येतात आणि लोक कौतुक करतात. मला त्या बायकांबद्दल आदर आहे, घरी गेल्यावर त्यांची अर्धा तास धावपळ वाचते. पण रोज नको गं. आठवड्यातून दोन दिवस तरी हात रिकामे राहू देत, मांडीवर नुसते ठेवलेले. भाजी घरी निवडता येते, आणि ती निवडायला घरात आणखीही हात आहेत.

उभी असशील तेव्हासाठी एक सांगते. एडमंड जेकबसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९२९ मध्ये स्नायू सैल सोडण्यावर एक पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं साधं होतं. स्नायू मुद्दाम घट्ट आवळायचे आणि मग एकदम सोडायचे, म्हणजे सैल असणं कसं असतं ते शरीराला आठवतं. गर्दीत हे कुणाला कळतही नाही. चपलेतल्या चपलेत पायाची बोटं आवळ, पाच मोज, सोड. मग पोटऱ्या, मग मोकळ्या हाताची मूठ. खांदे कानांकडे उचल आणि टाकून दे. शेवटी जबडा बघ. आपण दिवसभर दातावर दात दाबून वावरतो आणि रात्री कानशिलं दुखली की चष्म्याचा नंबर वाढला असं समजतो. ओठ मिटलेले, पण दातांमध्ये फट, जीभ सैल, एवढं घाटकोपर ते ठाणे सांभाळून बघ.

आणि कानातले ते इयरफोन अधूनमधून काढत जा. तुझ्या आठ-दहाच्या गाडीला बायकांचा ग्रुप आहे, मला माहीत आहे, तूच सांगितलं होतंस. नवरात्रात त्या ठरलेल्या रंगाच्या साड्या नेसतात, संक्रांतीला डब्यातच हळदीकुंकू करतात, कुणाचं डोहाळजेवणसुद्धा होतं. पुरुषांच्या डब्यात भजनं चालतात, टाळ वाजतात. ही माणसं रोज त्याच गाडीला, त्याच डब्यात का चढतात? चार ओळखीचे चेहरे दिसले की गर्दीची धास्ती निम्मी होते, म्हणून. एखादी आली नाही तर 'आज दिसली नाही गं' म्हणून विचारणारं कुणीतरी असतं. माझ्या नोकरीच्या काळात चौथ्या सीटवर अर्ध्यामुर्ध्या टेकलेल्या एका मैत्रिणीने रोज सकाळी मला एकच प्रश्न विचारला, "झोप झाली का?" ऑफिसात असं कुणी विचारत नव्हतं. ती आता निवृत्त झाली आहे आणि अजूनही आम्ही महिन्यातून एकदा भेटतो. अशी माणसं जोड. मात्र ग्रुपमध्ये भिशी, साड्यांची देवाणघेवाण आणि कुणाच्या सुनेची निंदा एवढंच चालत असेल आणि उतरताना डोकं जड होत असेल, तर त्या दिवशी सरळ पुढच्या डब्यात चढ. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

चहाचं थोडक्यात. संध्याकाळी सात-साडेसातचा कडक चहा बंद कर, कॉफी तर नकोच. त्यातलं कॅफीन निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात, मग बारा वाजता डोळे टक्क उघडे. सवयीने हातात कप हवाच असेल तर गवती चहा आणि आल्याचं गरम पाणी घे.

रात्रीसाठी आईचीच गोष्ट तुला देते. माळ्यावर तिची काशाची वाटी होती, ती मी काढून घासून ठेवली आहे, पुढच्या वेळी घेऊन जा. तळपायाला थोडं साजूक तूप किंवा खोबरेल तेल लावायचं आणि वाटीच्या पालथ्या बाजूने हळूहळू घासायचं, टाचेपासून बोटांकडे. पाय काळे होतात. आई म्हणायची उष्णता निघते. ते काळं धातू आणि तेल एकमेकांवर घासल्याचं असतं, उष्णतेचा त्याच्याशी संबंध नाही. पण दिवसभर उभ्या राहिलेल्या तळव्यांना ते गार घासणं इतकं सुखाचं वाटतं की दुसरा पाय होईपर्यंत पापण्या मिटायला लागतात. कधी नवऱ्याला दे वाटी हातात, कधी तू त्याचे पाय घास, तोही त्याच गाडीने लोंबकळत येतो. दहा मिनिटांत जे बोलणं होईल ते दिवसभरात झालेलं नसतं. तेवढा वेळ फोन दुसऱ्या खोलीत असू दे.

झोपण्याआधी चार पानं वाचण्याची सवय तुला होती, ती का सोडलीस? कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं, आमचं ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं. आपल्या गावांत पुस्तकांची एवढी जुनी सोय आहे आणि आपण रात्री फोनवर अनोळखी लोकांची भांडणं वाचत बसतो. सभासद हो.

महिन्यातून एक दुपार मात्र पूर्ण स्वतःची ठेव. सावित्रीबाई फुले नाट्यगृहात किंवा इकडे गडकरी रंगायतनला नाटक लागलेलं असतं, त्याचं एक तिकीट काढ. एकच. पहिल्यांदा खिडकीवर 'एक द्या' म्हणताना जीभ अडखळते. पण तिसरी घंटा होते, दिवे मंदावतात, आणि दोन-अडीच तास तुला कुणी हाक मारत नाही. मध्यंतरात बटाटेवडा खा, कुणाला अर्धा द्यायचा नाही. मी हे करायला लागले तेव्हा शेजारणी विचारायच्या, "एकट्याच?" आता त्यांतल्या दोघी आपापल्या एकट्या जातात.

आता जे सांगते ते नीट ऐक, कारण वरचं सगळं करूनही काही वेळा भागत नाही. दोन आठवडे उलटले तरी झोप लागत नसेल, किंवा पहाटे तीनला दचकून जाग येत असेल, आवडीच्या गोष्टीतही जीव रमत नसेल, सारखं रडू येत असेल, तर डॉक्टरकडे जा. आधी रक्त तपासून घे. थायरॉईड बिघडलेलं असलं, हिमोग्लोबिन उतरलेलं असलं तरी बाई अशीच चिडचिडी आणि मलूल होते, आणि आपण तिला 'हल्ली हिला राग फार येतो' म्हणतो. ते सगळं ठीक निघालं तर मनाच्या डॉक्टरकडे. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. त्यामुळे आपल्याकडे 'हिला ठाण्याला पाठवा' असं हसत हसत म्हणायची खोड लागली. त्या एका थट्टेने किती बायका गप्प बसल्या असतील, याचा विचार केला की मला संताप येतो. याच ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ सुरू केली आणि मनाबद्दल मोकळेपणी बोलायची सवय इथल्या घराघरांत रुजवली. तिथे जाणारे लोक तुझ्यामाझ्यासारखे, नोकऱ्या करणारे, मुलांचे अभ्यास घेणारे आहेत.

रात्री-अपरात्री जीव फारच घाबरा झाला, नको ते विचार यायला लागले, तर आधी मला फोन कर, दोन वाजले असले तरी. मी उचलला नाही तर १४४१६ फिरव. ही सरकारची टेलिमानस सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. दिवसरात्र उघडी, पैसे लागत नाहीत, मराठीतही बोलता येतं. हा नंबर आत्ताच फोनमध्ये साठवून ठेव आणि उद्या गाडीत ग्रुपमधल्या सगळ्यांना दे. त्यांच्यातल्या कुणाला तो लागणार आहे, हे चेहऱ्यावरून कळत नाही.