पट्टी सुटल्यानंतरचं वर्ष

आईबाबांनो, लेकराची पट्टी सुटली त्या दिवशी तुम्ही पेढे वाटले असतील, तर योग्यच केलं. रडणाऱ्या लेकराचा चांगला डोळा रोज झाकायचा, हे किती जिवावर येतं ते तुम्हालाच ठाऊक. पण आळशी डोळ्याची काळजी इथं संपत नाही. दवाखान्याच्या गर्दीत हे सांगायचं राहून जातं, म्हणून बोलते आहे.

तिरळेपणामुळे किंवा दोन डोळ्यांच्या नंबरांत फार फरक असल्यामुळे मेंदू एका डोळ्याचं चित्र बाजूला सारू लागतो. पट्टीमुळे तो त्या डोळ्याकडे लक्ष देतो. पट्टी सुटली, की काही मुलांत जुनी सवय परत येते. अमेरिकेत आठ वर्षांखालच्या मुलांचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. उपचार थांबल्यावर वर्षभरात जवळपास चौथ्या हिश्श्याच्या मुलांची नजर पुन्हा उतरली होती. रोज सहा ते आठ तासांची पट्टी एकदम बंद केलेल्यांत हे प्रमाण ४२ टक्के होतं, आधी दोन तासांवर आणून मग थांबवलेल्यांत १४. तेव्हा डॉक्टरांना जरूर विचारा, ‘पट्टी हळूहळू कमी करायची का?’ मनानं मात्र वेळ वाढवू-घटवू नका.

आणि चष्मा! पट्टी थांबते, चष्मा थांबत नाही. ‘डोळा बरा झाला, आता लेकराच्या नाकावर ओझं कशाला?’ असं आजी मायेनंच म्हणते. तिलाही शेजारी बसवून हे समजावा.

लेकरू स्वतः तक्रार करणार नाही. दोन्ही डोळे उघडे असले, की चांगला डोळा सगळं निभावून नेतो. ते पतंग उडवतं, गृहपाठ करतं, आपणही निर्धास्त होतो. आपल्याकडे सोयाबीनची काढणी, मग कापसाची वेचणी. त्या धांदलीत फेरतपासणीसाठी खामगावला किंवा अकोल्याला जायचं पुढं ढकललं जातं. पण पहिल्या तीन महिन्यांतली तारीख काही केल्या चुकवू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत, शाळेत येतं, तेव्हा त्यांनाही आधीचा उपचार सांगा. मात्र ती तपासणी झाली म्हणून डॉक्टरांकडे जायचं टाळू नका. तिथं दोन्ही डोळे वेगवेगळे झाकून नजर मोजली जाते.

नजर पुन्हा उतरलीच, तर लेकरावर रागावू नका, स्वतःलाही दोष देऊ नका. लवकर कळलं तर पुन्हा पट्टी लावून ती बहुतेकदा सुधारते. जाताना जुने कागद आणि सध्याचा चष्मा सोबत घ्या.