कर्ज थकले तर : आधी बोला, मग फेडा

वाचन : २ राजे ४:१-७



वरील उताऱ्यात एका विधवेची गोष्ट आहे. तिचा नवरा देवभीरू होता, पण कर्ज ठेवून वारला. सावकार आता तिच्या दोन मुलांना गुलाम म्हणून न्यायला निघाला आहे. ती अलीशा संदेष्ट्याकडे जाऊन आपली अडचण सांगते. घरात काय शिल्लक आहे, असे तो तिला विचारतो. एका कुपीत थोडे तेल, एवढेच तिच्याजवळ असते. शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणायला तो सांगतो. तेल वाढते, भांडी भरतात. त्यानंतर अलीशा जे सांगतो त्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. तो तेल विकायला सांगतो, त्या पैशातून आधी कर्ज फेडायला सांगतो आणि उरेल त्यावर मुलांसह गुजराण करायला सांगतो.

चमत्कार परमेश्वराने केला. पण तोंड उघडून अडचण सांगणे, घरातले मोजणे, शेजाऱ्यांची दारे ठोठावणे आणि सावकाराचे पैसे नेऊन देणे ही कामे त्या बाईलाच करावी लागली. कर्ज थकलेल्या कुटुंबाला आजही याच क्रमाने जावे लागते.

आपल्याकडे कर्ज होते ते बहुधा चैनीमुळे नव्हे. आजारपण, मुलांचे शिक्षण, घराची दुरुस्ती, लग्न, बंद पडलेली नोकरी ही त्याची कारणे असतात. पण पहिला हप्ता चुकला की लाज वाटू लागते. बँकेचा फोन उचलला जात नाही, नोटीस कपाटात जाते, नवरा बायकोपासून किंवा बायको नवऱ्यापासून लपवते. मग एक कर्ज फेडायला दुसरे घेतले जाते. कर्ज घेणे हे पाप नाही. पण लपवलेले कर्ज घर पोखरते. संत पौल रोमकरांस लिहिताना (१३:७-८) ज्याचे जे देणे असेल ते त्याला द्यावे, असे सांगतो. म्हणून परतफेड हा केवळ पैशाचा व्यवहार नाही. तो आपल्या शब्दाचा आणि न्यायाचा प्रश्न आहे.

पहिली पायरी : घरात बोला, वहीत लिहा

एका संध्याकाळी, रोझरी झाल्यावर, घरातील मोठ्या माणसांनी एकत्र बसावे. एका वहीत प्रत्येक कर्जाची नोंद करावी : कोणाचे, बाकी किती, व्याज किती, हप्ता किती, किती हप्ते थकले, तारण काय, जामीनदार कोण. नातेवाइकाकडून हातउसने घेतलेले पाच हजारही लिहावेत. बँकेतून खात्याचा उतारा मागून घ्यावा. सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल मोफत मिळतो. विसरलेले किंवा आपल्या नावावर दुसऱ्याने घेतलेले कर्ज त्यात सापडू शकते.

दुसरी पायरी : खरोखर किती देता येईल ते ठरवा

प्रभू येशू बुरूज बांधणाऱ्या माणसाचा दाखला देतो (लूक १४:२८-३०). आधी बसून खर्चाचा हिशेब न केल्यास काम अर्धवट राहते आणि लोक हसतात. परतफेडीचेही तसेच आहे. भावनेच्या भरात कबूल केलेला मोठा हप्ता तिसऱ्या महिन्यात चुकतो आणि त्यानंतर आपल्या शब्दाला किंमत राहत नाही.

समजा, एका कुटुंबाचे मासिक उत्पन्न ३८,००० रुपये आहे. किराणा, वीज, औषधे, शाळा, प्रवास यांना काटकसरीने २४,००० लागतात. अचानक येणाऱ्या खर्चासाठी १,००० बाजूला ठेवले, तर कर्जासाठी १३,००० उरतात. कर्जे अशी :

- बँकेचे घरदुरुस्ती कर्ज : बाकी २,४०,०००, हप्ता ६,५००, दोन हप्ते म्हणजे १३,००० थकीत, मेहुणा जामीन
- सोनेतारण कर्ज : ९०,०००, वर्षाला १२ टक्के, म्हणजे महिन्याला ९०० व्याज
- क्रेडिट कार्ड : ६०,०००, महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे २,१०० व्याज
- चुलत भावाकडून बिनव्याजी : ५०,०००

१३,००० ची वाटणी अशी करता येईल : बँकेला ६,५०० चा हप्ता आणि थकबाकीपोटी १,०००, सोनेतारणाचे व्याज ९००, कार्डाला ३,६०० आणि भावाला १,०००. थकबाकी तेरा महिन्यांत संपते. मग ते हजार रुपये सोनेतारणाच्या मुदलात जातील. कार्ड फिटले की त्याचे ३,६०० ही तिकडेच वळवावेत.

तिसरी पायरी : कोणाला आधी

ज्या कर्जामागे राहते घर, वाडी किंवा जामीनदार आहे, ते आधी नियमित करावे. १८७२ च्या करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते आणि बँक थेट त्याच्याकडे वसुली मागू शकते. म्हणून हप्ता चुकणार असेल तर जामीनदाराला ते आपल्या तोंडून कळावे, नोटिशीतून नव्हे. नीतिसूत्रे (६:१-५) जामीन राहिलेल्याला झोप न घेता सुटकेसाठी धावपळ करायला सांगतात. आपल्यासाठी कोणावर ती वेळ आली असेल, तर धावपळ आपण करायची आहे.

त्यानंतर सर्वांत जास्त व्याजाचे कर्ज. वरील उदाहरणात कार्डाची किमान रक्कम ३,००० भरली, तरी त्यातले २,१०० व्याजातच जातात. कार्ड वापरणे थांबवून दरमहा ३,६०० भरले, तर फेडायला सुमारे २६ महिने लागतात आणि सुमारे ९२,००० भरावे लागतात. तीच बाकी बँकेने वर्षाला १८ टक्क्यांच्या हप्त्यांत बदलून दिली, तर २० महिन्यांत सुमारे ७०,००० मध्ये सुटका होते (कर वेगळा). फक्त विचारण्याने सुमारे २२,००० रुपये वाचू शकतात.

सोन्याबाबतही भावनेपेक्षा हिशेब पाहावा. सगळे दागिने व्याजात आणि शेवटी लिलावात घालवण्यापेक्षा एखादा दागिना विकून बाकीचे सोडवलेले बरे.

नातेवाइकाला गप्प ठेवून शेवटी टाकू नये. महिन्याला हजार रुपये ही रक्कम लहान असेल, पण ती ठरल्या तारखेला पोहोचली की नाते टिकते.

चौथी पायरी : बँकेत स्वतः जा

हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की बँक ते खाते अनुत्पादक, म्हणजे एनपीए, धरते. तारण असेल तर त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येऊ शकते. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. नोटिशीवर लेखी हरकत घेतली, तर बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावे लागते. पण तिथवर थांबू नये. पहिला हप्ता चुकण्याआधी गेलेल्या माणसाचे ऐकले जाते. पतपेढीचे कर्ज असेल आणि सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली सुनावणीची नोटीस आली असेल, तर सुनावणीला हजर राहावे. गैरहजर राहिल्यास आपली बाजू न ऐकताच वसुली दाखला निघू शकतो.

जाताना वही, पगारपत्रक किंवा उत्पन्नाचा पुरावा आणि दोन प्रतींत अर्ज न्यावा. अर्ज साधा असावा :

*मा. शाखाधिकारी यांस,*
*विषय : थकीत कर्ज नियमित करण्याबाबत.*
*माझ्या कर्ज खात्याचे दोन हप्ते आजारपणामुळे थकले आहेत. नियमित हप्ता रु. ६,५०० मी दर महिन्याच्या ७ तारखेस भरीन. त्याशिवाय थकबाकीपोटी रु. १,००० दरमहा भरून ती १३ महिन्यांत पूर्ण करीन. उत्पन्न व खर्चाचा तपशील सोबत जोडला आहे. ही विनंती मान्य असल्यास लेखी कळवावे.*

दुसऱ्या प्रतीवर पोहोच म्हणून शिक्का व तारीख घ्यावी. थकबाकी विभागून देणे, मुदत वाढवून हप्ता कमी करणे किंवा एकरकमी तडजोड, असे पर्याय बँक देऊ शकते. मुदत वाढली की एकूण व्याज वाढते, हे लक्षात ठेवावे. तडजोडीत काही रक्कम माफ होते, पण पतअहवालात कर्ज पूर्ण फेडल्याऐवजी ‘सेटल्ड’ अशी नोंद राहते आणि पुढे कर्ज मिळणे अवघड होते. दंडाचा हिशेबही विचारावा. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या सूचनेनुसार थकलेल्या कर्जावर दंडव्याज न लावता दंड आकार लावायचा असतो आणि त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. तोंडी आश्वासनावर विसंबू नये, ठरलेले लेखी घ्यावे. खात्यात पैसे असतील याची खात्री नसताना पुढील तारखेचे धनादेश देऊ नयेत. धनादेश परत गेला आणि नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे दिले नाहीत, तर फौजदारी खटला होऊ शकतो.

धमकी आणि सावकारी

देणे असले तरी माणसाची प्रतिष्ठा गहाण पडत नाही. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये दिलेल्या सूचनांनुसार वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी व संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. शिवीगाळ करणे, धमकावणे, नातेवाइकांत किंवा शेजारात बदनामी करणे यांनाही मनाई आहे. तसे घडल्यास आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. पतपेढीची तक्रार मात्र सहकार खात्याच्या निबंधकाकडे करायची असते.

खासगी सावकारासाठी महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे. चक्रवाढ व्याज घेता येत नाही आणि व्याजाची एकूण वसुली मुदलापेक्षा जास्त होऊ शकत नाही. अवैध सावकारीत गेलेली जमीन परत मिळावी म्हणून, व्यवहाराला १५ वर्षे झाली नसतील तर, जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो. कोऱ्या मुद्रांकावर किंवा कोऱ्या धनादेशावर सही कधीही करू नये. मोबाईलवरील झटपट कर्जाच्या ॲपने फोटो किंवा संपर्क यादी वापरून छळ केला, तर पैसे पाठवत न बसता पोलिसांच्या सायबर विभागाकडे जावे.

पाचवी पायरी : योजना चालवा आणि पूर्ण करा

महिन्यातून एकदा वही उघडावी. पगार झाल्याबरोबर हप्ते बाजूला काढावेत आणि पावत्या एका पाकिटात ठेवाव्यात. योजना चालू असताना नवे कर्ज घेऊ नये. सण आणि समारंभ जमेल तेवढ्यात करावेत. एखाद्या महिन्यात अडचण आली, तर हप्त्याच्या तारखेआधी बँकेत जाऊन सांगावे आणि जमेल तेवढी रक्कम भरावी.

कर्ज फिटल्यावरही एक काम उरते. बेबाकी दाखला घ्यावा. जामीनदाराला त्याची प्रत द्यावी. सातबाऱ्यावर बोजा असेल तर तो उतरवून घ्यावा. घराची मूळ कागदपत्रे पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत परत करावीत, नाहीतर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे.

शेजाऱ्यांची भांडी

त्या विधवेच्या शेजाऱ्यांनी तिचे कर्ज फेडले नाही, त्यांनी भांडी दिली. आपल्या वसईत १९१८ साली मॉन्सिनीयर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने सुरू झालेली पतसंस्था, म्हणजे आजची बसीन कॅथॉलिक बँक, हीसुद्धा अनेकांनी एकत्र आणलेली भांडीच होती. आपल्या समूहात बँकेत काम केलेली, हिशेब जाणणारी, अर्ज लिहून देणारी माणसे आहेत. कर्जात असलेल्या शेजाऱ्याबरोबर बँकेपर्यंत चालत जाणे, त्याची वही लिहायला मदत करणे आणि त्याबद्दल चारचौघांत काहीही न बोलणे ही मोठी सेवा आहे. ज्याचे पैसे येणे आहेत त्याने मत्तयचे शुभवर्तमान (१८:२३-३५) वाचावे. तिथे दोन्ही चाकर आपल्या धन्याकडे व सोबत्याकडे मुदतच मागतात.

समूहात चर्चेसाठी

१. कर्जाविषयी घरात बोलायला आपल्याला कशाची भीती वाटते?
२. आपण कोणाला जामीन राहिलो आहोत का? त्या कर्जाची आजची स्थिती आपल्याला ठाऊक आहे का?
३. आपल्या येणेकऱ्यांपैकी कोणाला मुदत वाढवून देता येईल?
४. लग्नसमारंभाचा खर्च कमी करण्यासाठी आपल्या समूहाने काय ठरवावे?

प्रार्थना : हे परमेश्वरा, कर्जाच्या ओझ्याने ज्यांची झोप उडाली आहे त्यांना खरे बोलण्याचे धैर्य दे, धनकोंना दयाळू अंतःकरण दे आणि आम्हा शेजाऱ्यांना आमची भांडी घेऊन पुढे येण्याची बुद्धी दे. आमेन.