गाडीचा हप्ता आणि गाडीची किंमत



आठवीच्या गणितात आपण सरळव्याज व चक्रवाढ व्याज शिकतो. परीक्षेत गुण मिळतात आणि धडा वहीतच राहतो. तोच धडा गाड्यांच्या शोरूममध्ये टेबलावर कसा उपयोगी पडतो, ते या पाठात पाहावयाचे आहे.

नंदेसरीच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणाऱ्या माणसासाठी दुचाकी ही आता चैन राहिलेली नाही. रात्री पाळी सुटते तेव्हा बस नसते. चारचाकीसुद्धा पुष्कळ घरांत आली आहे, आणि ती चांगलीच गोष्ट आहे. परंतु फी भरण्यास मुदत मागण्यासाठी जे पालक आमच्याकडे येतात, त्यांच्या कारणांत आजारपण आणि बंद झालेला ओव्हरटाइम यांच्या जोडीला आता ‘गाडीचा हप्ता’ हेही कारण ऐकू येते. एका पालकांनी कर्जाचे कागद बरोबर आणले होते. हप्ता किती, तारीख कोणती, हे त्यांना तोंडपाठ होते. एकूण किती रुपये भरावयाचे आहेत, हा हिशोब मात्र त्यांनी त्या दिवशी प्रथमच केला. कागदावर ‘आठ टक्के फ्लॅट’ असे लिहिले होते.

‘फ्लॅट’ म्हणजे काय, ते उदाहरणाने पाहू. समजा १,००,००० रुपये कर्ज ३ वर्षांसाठी घेतले. फ्लॅट ८ टक्के म्हणजे दरवर्षी ८,००० रुपये, तीन वर्षांचे २४,००० रुपये. एकूण १,२४,००० भागिले ३६, हप्ता ३,४४४ रुपये. येथे चूक कोठे आहे? बेरीज-भागाकारात चूक नाही. परंतु आपण दर महिन्याला मुद्दल परत करीत आहोत. तिसऱ्या वर्षी आपल्याकडे लाखाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी पैसे उरलेले असतात, आणि व्याज मात्र पूर्ण लाखावर द्यावे लागते. तेच ८ टक्के ‘घटत्या शिलकीवर’ लावले, तर हप्ता ३,१३४ रुपये येतो आणि तीन वर्षांचे व्याज सुमारे १२,८०० रुपये होते. दोन्ही कागदांवर आकडा आठच, पण व्याज जवळजवळ दुप्पट. उलट बाजूने हिशोब केला तर फ्लॅट ८ टक्के म्हणजे घटत्या शिलकीवर साडेचौदा टक्क्यांच्या आसपास दर होतो. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी हे संगणकावर किंवा कॅल्क्युलेटरवर जरूर करून पाहावे.

दुसरी खुबी मुदतीची. ‘तुम्हांला महिन्याला किती जमेल?’ हा प्रश्न ऐकावयास फार गोड लागतो. त्याचे उत्तर एकदा दिले की मग गाडीची किंमत, व्याजाचा दर, विम्याची रक्कम यांविषयी बोलणेच राहत नाही, सर्व काही त्या एका आकड्यात बसविले जाते. ६ लाखांचे कर्ज ९ टक्के घटत्या दराने ५ वर्षांसाठी घेतले तर हप्ता १२,४५५ रुपये पडतो. ७ वर्षे केली तर ९,६५३ रुपये. महिन्याला २,८०० रुपये वाचले असे वाटते. प्रत्यक्षात व्याज १,४७,३०० रुपयांवरून सुमारे २,१०,९०० रुपयांवर जाते, म्हणजे ६३,००० रुपयांहून अधिक जास्त. आणि सहाव्या-सातव्या वर्षी गाडीचे टायर व बॅटरी बदलण्याचा खर्च हप्त्याबरोबरच येतो, तो वेगळा.

‘शून्य टक्के व्याज’ या जाहिरातीविषयी रिझर्व्ह बँकेने २५ सप्टेंबर २०१३ रोजी बँकांना स्पष्ट कळविले होते की, शून्य टक्के व्याज अशी वस्तूच अस्तित्वात नाही. व्याज प्रक्रिया शुल्कात दडविलेले असते, किंवा रोखीने घेणाऱ्यास जी सूट मिळते ती हप्तेवाल्यास मिळत नाही. त्याहून उपयोगाचा नियम नंतर आला. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ कर्जांसाठी बँकेने किंवा वित्त कंपनीने ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ नावाचा पत्रक-तक्ता कर्जदारास द्यावयाचा आहे. त्यात सर्व शुल्क धरून पडणारा वार्षिक दर छापलेला असतो, आणि ते पत्रक कर्जदारास समजेल अशा भाषेत असावे असे नियमात आहे. तेव्हा इंग्रजी कागदावर घाईने सही करण्याचे कारण नाही. हे पत्रक मागावे, घरी आणावे, मुलांनी ते आईवडिलांना वाचून दाखवावे.

आता घासाघीस. आपल्या लोकांना भाजी बाजारात दोन रुपये कमी करून घेण्यास संकोच वाटत नाही, परंतु काचेच्या थंडगार शोरूममध्ये गेले की संकोच होतो. तेथे सेल्समन म्हणतो, ‘साहेब, यापेक्षा कमी करण्याची वरून परवानगी नाही.’ हे खोटेच असते असे समजू नये. महाराष्ट्रातील एक प्रकरण या संदर्भात वाचण्यासारखे आहे. मारुती सुझुकी कंपनीच्या एका विक्रेत्याने असल्याचे म्हणविणारा, निनावी ई-मेल भारतीय स्पर्धा आयोगाकडे आला. मुंबई वगळून उर्वरित महाराष्ट्र व गोवा या विभागातील विक्रेत्यांना कंपनीने जाहीर केलेल्या सवलतीपेक्षा जास्त सूट ग्राहकास देऊ दिली जात नाही, असे त्यात म्हटले होते. आयोगाने २०१९ मध्ये चौकशीचा आदेश दिला. आयोगाच्या निष्कर्षानुसार, विक्रेता ठरलेल्याहून जास्त सूट देतो का हे पाहण्यासाठी ग्राहकाच्या वेषात माणसे पाठविली जात आणि बोलणे ध्वनिमुद्रित केले जाई. सूट दिल्याचे सापडले तर विक्रेत्यास आणि त्याच्या नोकरांनाही दंड होई. २३ ऑगस्ट २०२१ रोजी आयोगाने कंपनीस २०० कोटी रुपये दंड केला. कंपनी या आदेशाविरुद्ध अपिलात गेली, हेही येथे नोंदविले पाहिजे.

यातून ग्राहकाने काय घ्यावे? पगारावर काम करणाऱ्या त्या सेल्समनवर रागावून उपयोग नाही. कदाचित त्याच्या हातात खरोखरच काही नसेल. एक्स-शोरूम किमतीवर जागा नसेल, तर जागा दुसरीकडे शोधावी. विक्रेत्याची कमाई केवळ गाडीवर होत नाही. विमा, कर्ज मिळवून दिल्याचे कमिशन, सीट कव्हर, मॅट, कोटिंग, वाढीव वॉरंटी यांवरही होते. म्हणून ‘ऑन-रोड’ हा एकच आकडा न घेता त्याचे तुकडे कागदावर लिहून मागावेत आणि एकेका तुकड्यावर बोलावे.

विम्याची गोष्ट मुद्दाम सांगतो. १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन चारचाकीस ३ वर्षांचा आणि दुचाकीस ५ वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकदम घ्यावा लागतो. हा कायद्याचा भाग झाला. परंतु तो त्याच शोरूममधून घेतला पाहिजे, असा कायदा नाही. बाहेरून दोन दरपत्रके आणून टेबलावर ठेवली, तर शोरूममधील विमाही पुष्कळदा स्वस्त होतो! ‘हँडलिंग चार्ज’ हा सरकारी कर नव्हे. तो कशाबद्दल आहे आणि त्याची पावती मिळेल का, हे शांतपणे विचारावे. दुचाकी घेताना हेल्मेट द्यावयाचे, हे केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम १३८ मध्ये आहे, ही भेट नव्हे.

काही पालक कंपन्यांत अधिकारी आहेत आणि त्यांना पगारातून ‘कार लीज’ची सोय मिळते. आपल्या शाळेचे जे माजी विद्यार्थी अमेरिकेत आहेत, त्यांच्याकडे तर ही रोजची बाब आहे. लीज म्हणजे भाडेपट्टा. गाडी आपण वापरतो, मालकी भाडेपट्टा देणाऱ्या कंपनीची राहते. याचे गणित सोपे आहे, पण ते कोणी आपण होऊन समजावून देत नाही. समजा गाडी १० लाखांची, आणि ४ वर्षांनी तिची किंमत ४ लाख उरेल असे करारात धरले आहे. मग ६ लाखांची झीज ४८ महिन्यांत वसूल करावयाची, म्हणजे महिना १२,५०० रुपये. शिवाय कंपनीचे पैसे गुंतलेले आहेत, त्यावर व्याज. सुरुवातीस १० लाख आणि शेवटी ४ लाख, सरासरी ७ लाख. १२ टक्क्यांनी महिना ७,००० रुपये. एकूण भाडे १९,५०० रुपये आणि त्यावर कर.

अमेरिकेत हे व्याज टक्क्यांत न सांगता ‘मनी फॅक्टर’ म्हणून ०.००५ असा लहानसा आकडा सांगतात. किती निरुपद्रवी दिसतो! त्यास २,४०० ने गुणले की १२ टक्के मिळतात. २,४०० का? सरासरी काढताना २ ने भागतो, वर्षाचे महिने १२, आणि टक्केवारीसाठी १००. तिघांचा गुणाकार करून पाहा.

लीजमध्येही घासाघीस मूळ किमतीवर करावी, भाड्यावर नव्हे. वरील उदाहरणात किंमत ५०,००० रुपयांनी उतरविली तर झिजेचे १,०४२ आणि व्याजाचे २५० मिळून महिना सुमारे १,२९२ रुपये कमी होतात, ४८ महिन्यांत ६२,००० रुपये. याउलट केवळ ‘भाडे कमी करा’ म्हटले, तर समोरचा मनुष्य मुदत वाढवील किंवा सुरुवातीस जास्त रोख मागेल, आणि आपण जिंकलो असे समजून घरी येऊ. मुदतीपूर्वी गाडी परत केल्यास काय द्यावे लागेल, हे कलम सर्वांत आधी वाचावे. नोकरी बदलणाऱ्या तरुणांना तेच कलम महाग पडते.

विश्वस्त मंडळींच्या आणि वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांच्या ध्यानात एक गोष्ट आणावीशी वाटते. आपली मुले या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसतात. बारावीनंतर किंवा बी.कॉम. करीत असताना वडोदऱ्यातील शोरूममध्ये नोकरी धरणारे आपले माजी विद्यार्थी आहेत. महिन्याचे लक्ष्य पुरे झाले नाही तर त्यांचा प्रोत्साहन भत्ता बुडतो. ‘आजच्या दिवसापुरतीच ही सूट आहे’ हे वाक्य त्यांना शिकविले जाते, उद्याही तीच सूट असते हे ठाऊक असूनसुद्धा. ‘फ्लॅट’ दर सांगताना ‘फ्लॅट’ हा शब्द गिळून टाकावयाचा, हेही शिकविले जाते. आमच्या मते गाडीची स्तुती करणे हा विक्रीचा भाग आहे, त्यात गैर काही नाही. दर लपविणे हा विक्रीचा भाग नव्हे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार किमतीविषयी दिशाभूल करणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. ज्या मुलास आपण व्याज शिकविले, त्यानेच ते एखाद्या कामगारापासून लपवावे, हे आम्हांस पटत नाही. कॉमर्सच्या वर्गात नफ्याच्या धड्याबरोबर हाही विषय घ्यावा, असे आम्ही मंडळापुढे मांडणार आहोत.

तक्रार करावयाची वेळ आलीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहारास तेथे शुल्क नाही. दरपत्रक, बुकिंगची पावती आणि जाहिरातीचे कात्रण जपून ठेवलेले असावे; तोंडी आश्वासनाचा तेथे उपयोग होत नाही. कर्ज फिटल्यावर वित्त कंपनीकडून ना-हरकत पत्र व फॉर्म ३५ घेऊन आरसी पुस्तकावरील बोजा आरटीओमध्ये काढून घ्यावा. पुष्कळजण हे विसरतात आणि गाडी विकताना धावपळ करतात.

इयत्ता आठवी ते दहावीसाठी गृहपाठ: पहिल्या दुकानात स्कूटर ८५,००० रुपयांस, ‘शून्य टक्के व्याज’, ८,५०० रुपयांचे १० हप्ते, फाइल चार्ज २,००० रुपये. दुसऱ्या दुकानात तीच स्कूटर रोखीने ८१,५०० रुपयांस. पहिल्या दुकानातील व्याज किती रुपये आहे? घरी गाडीचे कर्ज चालू असल्यास आईवडिलांच्या परवानगीने त्याचाही हिशोब करावा. तो वहीत दाखविण्याची सक्ती नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र सोमवारी गणिताच्या शिक्षकांकडे द्यावे.