पानात किती पडतंय ते बघ

अगं, काल फोनवर तुझा आवाज ऐकला आणि ओळखलं, बाई प्लग घालायला टपून बसल्या आहेत. शाळेच्या अडगळीच्या खोलीत जुना बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर सापडला, तोही न फुटलेला, सगळ्या कळा जागच्या जागी. धीर कसा धरवणार? तरी ऐक. आज प्लग घालू नकोस. मी घातला होता.

आठवतंय ना? तू दहावीत होतीस. मी भंगारातून तसंच मशीन आणलं आणि चपला न काढता चालू केलं. आधी खालचा सूर, मग वरचा ‘बीप’, पडद्यावर अक्षरं. मी तुला मिठीच मारली. वीसेक मिनिटांनी ‘फट्ट’ झालं आणि मागच्या फटीतून दाट पांढरा धूर. आई स्वयंपाकघरातून ओरडली, ‘काय जाळलंस गं?’ पडदे दोनदा धुतले तरी तो कडवट वास गेला नाही. आणि गंमत बघ, मशीन चालूच होतं!

ते का, हे कळायला मला पुढे बरेच दिवस लागले. पॉवर सप्लायमध्ये, वीज आत शिरते तिथेच, पिवळसर पारदर्शक वेष्टणाचे चौकोनी कपॅसिटर असतात. आत धातूचा मुलामा दिलेला कागद. त्यांचं काम एवढंच, की सप्लायची कुरकुर घरच्या लाइनीत जाऊ नये. वर्षं सरली की वेष्टणाला केसासारख्या चिरा पडतात आणि कागद ओल धरतो. मशीनला लागणारी वीज त्यांच्यातून जातच नाही, म्हणून ते जळाले तरी मशीन चालतं. केंद्र सरकारचा ‘क्लास’ प्रकल्प १९८४ साली सुरू झाला, तेव्हा ही यंत्रं निवडक शाळांत आली. तुझं त्यातलंच असेल, तर चाळीस पावसाळे झाले, आणि तेही रत्नागिरीचे!

म्हणून आधी डबा उघड, पण जपून. आपले २३० व्होल्ट आत जाऊन डीसी होतात ते सव्वातीनशेच्या घरात, आणि प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये दबा धरून बसतात. थांब, मीटरने मोज, मगच बोट लाव. ते पिवळे कपॅसिटर बरे दिसले तरी काढ. नवे घेताना ‘एक्स२’ लिहिलेलेच माग. दुकानदार म्हणेल, ‘ताई, हा पण चालतो.’ नाही चालत. थेट लाइनीवर बसणारा कपॅसिटर बिघडला तरी घर पेटू नये, अशा बेताने एक्स२ बनवतात. तिकडे नाही मिळाले तर सांग, मी तपकीर गल्लीतून पाठवते.

मग सप्लाय एकटाच तपासायचा, बोर्ड न जोडता. पण अगदी मोकळाही ठेवू नकोस, असल्या जुन्या सप्लायना थोडं ओझं लागतं. पाच व्होल्टच्या लाल-काळ्या वायरींमध्ये ५ ओहम, १० वॉटचा रेझिस्टर लाव. एक अँपिअर जाईल आणि रेझिस्टर चांगला तापेल, हात लावू नकोस. लाइनीत टीव्ही मेकॅनिककडे असतो तसा सिरीज बोर्ड घे, साठच्या जुन्या पिवळ्या बल्बचा. बल्ब लखकन पेटून मंदावला तर ठीक. लख्ख पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे. बंद कर आणि मला फोन कर.

आता माझी दुसरी फजिती, जी मी कुणाला सांगितलेली नाही. धुरानंतर त्याच मशीनला नवंच वेड लागलं. चालू व्हायचं, प्रोग्रॅम चालता चालता मध्येच अक्षरांचा चिवडा व्हायचा. मी महिनाभर मेमरीच्या चिपा बदलत बसले. सप्लायवर मोजलं की पाच व्होल्ट, अगदी चोख. शेवटी वैतागून मीटरची टोकं थेट चिपच्या पायांवर धरली. साडेचार!

अगं, पातेल्यात भात आहे म्हणून पानात पडला असं थोडंच आहे? त्या सप्लायमधून बोर्डावर तीन लाल, तीन काळ्या आणि एक जांभळी वायर जाते, चपट्या पत्र्याच्या टोकांनी खोचलेली. माझ्या एका लाल टोकावर काळपट पुटं चढली होती. अर्धा व्होल्ट तिथेच अडत होता. काढून घासलं, घट्ट बसवलं, संपलं. महिन्याचं काम पाच मिनिटांत, आणि चिपांचे पैसे पाण्यात. म्हणून तू प्रोसेसरवरच मोज. ६५०२ चा आठवा पाय पाच व्होल्टचा, एकविसावा जमिनीचा. ४.७५ ते ५.२५ च्या मध्ये हवं. टोकं काढण्याआधी फोटो मात्र काढ. जांभळी वायर उणे पाचाची आहे. ती लालच्या जागी गेली तर चिपा मरतील.

साडेचारवर चिप मरत नाही गं, ती मंदावते. बोर्डावर १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल ताल धरतो, तो विभागत विभागत प्रोसेसरला २ मेगाहर्ट्झने मिळतो. एक आवर्तन अर्ध्या मायक्रोसेकंदाचं. मेमरीने तेवढ्यात उत्तर द्यायचं; जरा उशीर झाला की प्रोसेसर जे हाती येईल ते खरं मानतो. म्हणजे वेळेचा दिसणारा दोष पुष्कळदा विजेचाच असतो. म्हणून वीज आधी, ताल नंतर.

वीज चोख असूनही मशीन उठलं नाही, तर सदतिसावा पाय बघ. तिथे क्लॉक येतो. साधा मीटर सरासरी दाखवतो, म्हणून दीड-दोन व्होल्टच्या आसपास काही दिसलं तर ताल चालू आहे. ठार शून्य किंवा पूर्ण पाच दिसलं तर थांबलाय. मग चाळिसावा पाय, रीसेटचा. चालू करताच क्षणभर खाली, मग वर. बटण दाबून मशीन उठत नाही पण ‘ब्रेक’ दाबलं की उठतं, असं झालं तर प्रोसेसरला दोष देऊ नकोस. वीज स्थिरावण्याआधीच रीसेट सुटतोय. त्याचा छोटा टायमर आणि शेजारचा कपॅसिटर बघ.

आणि दहा मिनिटं बरं चालून चित्र फाटायला लागलं, तर व्हिडिओची चिप तापतेय. झाकण काढून टेबलफॅनचा वारा तिच्यावर सोड. चित्र सावरलं तर चोर सापडला. तिला उष्णता झटकणारा पत्रा चिकटव.

हे सगळं रविवारपर्यंत कर, घाई नको. रविवारी मला फोन लाव, स्पीकरवर ठेव, मगच बटण दाब. दोन सूर आले तर मला कळेल. एकच सूर लांबत राहिला, तर साउंड चिप जागी झाली पण तिला गप्प करणारा प्रोसेसर अजून उठलेला नाही, हेही इथूनच सांगेन. फट्ट ऐकू आलं, तर मात्र आईला सांगू नकोस.