उंचावरील काम आणि पट्ट्याची शिस्त

मुंबई उपनगरातील जोगेश्वरीच्या जय जवान गोविंदा पथकाने १० ऑगस्ट २०१२ रोजी ठाणे येथे ९ थर रचले. त्यांची उंची १३.३४ मीटर भरली. २०२५ साली जोगेश्वरीच्याच कोकणनगर पथकाने १० थर लावले. या खेळामागे अनेक दिवसांचा सराव असतो, खाली झेलण्यास माणसे उभी असतात आणि अनेक ठिकाणी सर्वांत वरच्या गोविंदास सुरक्षादोरही बांधतात. उंच जातीचा जुना माड १५ मीटरांहून अधिक वाढतो. त्यावर पाडेली मात्र एकटा चढतो, आणि खाली कोणी उभे नसते. उत्सवात जी काळजी घेतली जाते ती रोजच्या कामात घेतली जात नाही, हे नवलच म्हणावे लागेल.

शहरात झाडांच्या छाटणीसाठी ट्रकवर बसविलेली हायड्रॉलिक शिडी वापरतात. तिच्या टोकास माणसाने उभे राहण्याचा पाळणा असतो. असे यंत्र बागेत आणावयाचे झाल्यास प्रथम जमीन पाहावी. झाडाचे आळे, पाटाचा काठ किंवा नुकतीच भर घातलेली जागा यांवर यंत्राचे आधारपाय कधीही टेकवू नयेत. कोरड्या, घट्ट जमिनीवरही प्रत्येक पायाखाली जाड फळी द्यावी.

पाळण्यास कठडा असतो, मग पट्टा कशास, असे पुष्कळ जण विचारतात. एखादी जड फांदी शिडीवर आदळली किंवा यंत्राचा एक पाय खचला, तर खाली झालेली अल्पशी हालचाल लांब शिडीच्या टोकाशी मोठा हिसका होऊन पोहोचते आणि माणूस कठड्यावरून बाहेर फेकला जातो. म्हणून पट्ट्याचा दोर आखूड असावा व तो पाळण्यातील नेमलेल्या कडीसच अडकवावा. झाडास बांधल्यास पाळणा सरकताच माणूस बाहेर ओढला जाईल. कठड्यावर चढून हात पुरविण्याचा मोह आवरावा. पाळणाच पुढे न्यावा.

विजेच्या तारांजवळ काम करण्यापूर्वी वीज कंपनीकडून प्रवाह बंद करवून घ्यावा. शिडीचा तारेस स्पर्श झाल्यास खालच्या माणसाने यंत्रास हात लावू नये, दूर व्हावे.

पट्टा केवळ कमरेचा नसावा. पडताना सारा भार पोटावर येऊन इजा होते. खांदे, छाती व मांड्या धरणारा पट्टाच घ्यावा. तरीही पट्ट्यात निश्चल लोंबकळणाऱ्या माणसाच्या पायांत रक्त साचते व थोड्याच वेळात तो बेशुद्ध होऊ शकतो. यास्तव पाळणा खालून उतरविण्याची कळ कोठे आहे, हे जमिनीवरील सोबत्यास ठाऊक असलेच पाहिजे. ग्रामसेवकांनी प्रात्यक्षिकाच्या वेळी ती कळ स्वतः न दाबता शेतकऱ्यांपैकी एकास दाबावयास लावावी आणि रिकामा पाळणा खाली येईपर्यंत तेथेच थांबावे.