फुकट, पण रीतसर

परीक्षेआधी वर्गाच्या ग्रुपवर एका मराठी कादंबरीची पीडीएफ आली. लेखक हयात आहेत, पुस्तक दुकानात मिळतं. तासाभरात सगळ्यांनी ती उतरवली, मीही. पुढच्याच आठवड्यात ‘मराठी पुस्तकं खपत का नाहीत?’ या चर्चेत मी तावातावाने बोलले. धर्मशिक्षणाच्या वर्गात सातवी आज्ञा घोकलेली मी, घरी येऊन ई-रीडर उघडला आणि माझी मलाच लाज वाटली. फाइल काढून टाकली. मग रीतसर फुकट काय मिळतं ते शोधलं. तेच इथे मांडते.

पुस्तक उतरवण्याआधी तीन प्रश्न विचारायचे.

पहिला, लेखक कधी वारले? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. ही वर्षं मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून ‘श्यामची आई’ २०११ पासून सर्वांसाठी खुली झाली. हरिभाऊ आपटे, राम गणेश गडकरी आणि रेव्हरंड ना. वा. टिळक तिघेही १९१९ मध्ये गेले. त्यांच्याबाबत प्रश्नच नाही.

दुसरा, या आवृत्तीत आणखी कोणाचे कष्ट आहेत? फादर स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात छापलं गेलं. मूळ ओव्या आपल्या सगळ्यांच्या. पण आजच्या संपादकाने लिहिलेली प्रस्तावना आणि टीपा त्याच्या. अनुवादाचंही तसंच. दस्तयेवस्की जुना असला तरी नवा अनुवाद जुना नसतो. कॉन्स्टन्स गार्नेट १९४६ मध्ये वारल्या, त्यामुळे त्यांचे इंग्रजी अनुवाद आपण निर्धास्त वाचू शकतो.

तिसरा, कायदा कोणत्या देशाचा? प्रोजेक्ट गुटेनबर्ग अमेरिकेचा कायदा पाहतं. फॉर्स्टरची ‘अ पॅसेज टू इंडिया’ १९२४ ची, म्हणून तिथे मोकळी. पण फॉर्स्टर १९७० मध्ये वारले. भारतात तिच्यावर २०३० अखेरपर्यंत हक्क आहे. ऑर्वेलचं उलट. ते १९५० मध्ये गेले, म्हणून ‘अ‍ॅनिमल फार्म’ भारतात मोकळी, अमेरिकेत अजून नाही.

आता शोधायचं कुठे? मराठीसाठी आधी विकिस्रोत पाहा. तिथे स्वयंसेवक जुनी पुस्तकं टंकून, तपासून ठेवतात आणि डाउनलोडच्या बटणावर ईपब फाइल मिळते. ई-साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या परवानगीने पीडीएफ देतं. हयात लेखक फुकट आणि राजीखुशीने वाचायला मिळतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कित्येक प्रकाशनं संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत. इंग्रजीसाठी गुटेनबर्ग आहेच. स्टँडर्ड ईबुक्सवर तीच पुस्तकं जास्त नेटकी मिळतात. इंटरनेट अर्काइव्हवर दुर्मीळ ग्रंथ सापडतात, पण तिथे कोणीही काहीही चढवू शकतं. पुस्तक तिथे आहे म्हणजे परवानगी आहे, असं धरून चालू नका.

शक्य असेल तिथे ईपबच घ्या. त्यातली अक्षरं लहानमोठी करता येतात आणि ओळी पडद्याच्या मापाने बसतात. पीडीएफचं पान मात्र ठरलेलं असतं. सहा इंची पडद्यावर स्कॅन केलेलं पान वाचताना डोळे दुखतात. किंडलवाल्यांनी ईपब फाइल ‘सेंड टू किंडल’ने पाठवावी, म्हणजे झालं.

आणि ती कादंबरी? कॉलेजच्या ग्रंथालयात होती. दोन दिवसांत वाचून परत केली. ग्रंथालयाने ती विकत घेतली होती, म्हणजे लेखकाचं देणं आधीच चुकतं झालेलं. मला मात्र फुकटच पडली.